संकटात धावणारा हात शिकलेला हवा
गावपातळीवर आपत्ती व्यवस्थापनाचे शिक्षण : काय शिकावे, कुठे शिकावे

पावसाळा तोंडावर आला की तहसील कार्यालयातून गावोगाव मान्सूनपूर्व तयारीचे परिपत्रक जाते. नदीकाठच्या वस्त्यांची यादी करा, पोहणाऱ्यांची नावे कळवा, धोकादायक घरांना नोटिसा द्या, शाळेच्या खोल्यांच्या चाव्या कोणाकडे आहेत ते लिहून ठेवा. गावातून माहिती भरून जाते आणि फाईल पूर्ण होते. यात वाईट काही नाही, यादी असलीच पाहिजे. परंतु यादीत 'पट्टीचा पोहणारा' म्हणून ज्याचे नाव आहे, त्याला बुडालेला माणूस काठावर आणल्यानंतर पुढे काय करायचे ते माहीत आहे का? ज्याच्याकडे शाळेची चावी आहे, त्याला एका खोलीत किती माणसे निजवता येतील, पिण्याचे पाणी कुठून आणायचे, बाळंतपणाला टेकलेली बाई कुठे ठेवायची, हे ठाऊक आहे का? हे प्रश्न परिपत्रकात नसतात. संकट आले की मात्र नेमके हेच प्रश्न उभे राहतात.

आपत्ती व्यवस्थापन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केशरी गणवेशातले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येतात. ते काम खरेच मोठे आहे. पण या दलाची महाराष्ट्रासाठीची ५ वी तुकडी पुण्याजवळ आहे. राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल धुळे आणि नागपूरला आहे. निरोप जाणार, तुकडी निघणार, रस्ता मोकळा असला तर पोहोचणार. तोवरचे तास गावाचे असतात. त्या तासांत गावात जो कोणी असेल, तोच आपत्ती व्यवस्थापक. मग तो तलाठी असो, ग्रामसेवक असो, पोलीस पाटील असो, कोतवाल असो, आमच्या खात्याचा कृषी सहायक असो, नाहीतर पारावर बसलेला पोरगा असो. अलीकडे या पदांची नावे बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, कृषी सहायक सहाय्यक कृषी अधिकारी झाले. पूर आला की गावकरी हाक मारणार ती जुन्याच नावाने, आणि अपेक्षाही जुनीच ठेवणार : 'साहेब, आता काय करायचं ते सांगा.'

किल्लारीपासून ब्राह्मनाळपर्यंत

मराठवाड्याला हा धडा फार महागात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्याखाली हजारो माणसे गाडली गेली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे तयारी करावी असे कोणाच्या मनातही नव्हते. पहिल्या तासांत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच, हाताने आणि खोऱ्या-टिकावाने. लष्कर व इतर मदत नंतर आली. त्याच वेळी बघ्यांच्या आणि मदतीच्या गाड्यांनी रस्ते भरून गेले. मदतीची भावना होती, पण तिला वळण नव्हते.

किल्लारीनंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आणि नियंत्रण कक्ष यांच्या कामाला गती आली. पुढे २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ केला. या कायद्याने जिल्हा प्राधिकरण आले. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि लोकनिर्वाचित प्रतिनिधी म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. कायद्याची चौकट आहे, पण चौकटीत उभा राहणारा माणूस तयार करणे हे वेगळे काम आहे.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. गाव जागेवर नाही, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात आली ती एस.टी.च्या चालकाच्या. त्याने ती पुढे कळवली. आपत्तीची पहिली खबर देणारा माणूस कोण असेल हे कोणी आधी सांगू शकत नाही. म्हणून खबर कशी द्यायची हे सर्वांनाच यायला हवे.

दुसरे उदाहरण ब्राह्मनाळचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या या गावातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे, त्यांत बायका आणि मुले, दगावली. बोट होती, जिवावर उदार होऊन ती चालवणारी माणसेही होती. पण बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त लोक बसले होते. पाणी वाढत असताना काठावरची गर्दी थांबवणे, 'आधी लेकरं, मग बाया, बाकीच्यांनी दुसऱ्या खेपेला' असे ठणकावून सांगणे आणि लोकांना ते ऐकायला लावणे, हे शिकावे लागते. साधने विकत मिळतात, ही शिस्त सरावानेच येते.

आपल्या जिल्ह्याला कशाकशाची भीती

शिकायचे काय, हे ठरवण्याआधी आपल्याकडे काय घडते ते पाहू. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची ओळख दुष्काळी म्हणून. १९७२ पासून २०१२-१३, २०१५-१६ पर्यंत टँकर, चारा छावण्या आणि रोजगार हमीची कामे आपण पाहिली. त्यामुळे पुराची भीती आपल्या अंगवळणी पडलेली नाही. परंतु वैजापूर, गंगापूर आणि पैठण तालुक्यांची मोठी किनार गोदावरीला आहे. वर नाशिक जिल्ह्यात जोराचा पाऊस झाला आणि नांदूर मधमेश्वरमधून पाणी सुटले की आपल्याकडे टिपूस नसतानाही वैजापूर-गंगापूरच्या नदीकाठी पाणी चढते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, तेव्हा महिनाअखेरीस जायकवाडीतून पुन्हा फार मोठा विसर्ग झाला आणि पैठण व खालच्या गावांतील लोकांना हलवावे लागले.

बाकीची संकटे छोटी वाटतात, पण दरसाल माणसे नेतात. उन्हाळ्याच्या शेवटी व परतीच्या पावसात वीज पडते. फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट होते. कन्नड घाटात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळून महामार्ग बंद पडला होता. समृद्धी महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ झालेल्या अपघातात १२ जणांचा मृत्यू झाला. त्याशिवाय सर्पदंश, फवारणीची विषबाधा, विजेचा धक्का आणि विहिरीतले अपघात आहेतच. वर्तमानपत्रात यांना दोन ओळींची बातमी मिळते. त्या घराला मात्र ती किल्लारीएवढीच.

पहिले शिक्षण : इशारा वाचणे

हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर येतो, पण त्याचा अर्थ किती जणांना कळतो? हिरवा म्हणजे काही करायचे नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा. २४ तासांत ६४.५ मि.मी.च्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. महसूल मंडळात ६५ मि.मी. पाऊस झाला की आपल्याकडे त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते.

धरणाच्या विसर्गाचा आकडाही असाच. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला तर १ टीएमसी पाणी वाहून जाते. पण नदीकाठच्या गावाला याहून उपयोगाचा हिशेब दुसराच असतो : अमुक लाख क्युसेकला आपल्या गावात पाणी कुठवर येते? मारुतीच्या पाराला लागते की स्मशानभूमीच्या शेडला? जुन्या माणसांना हे तोंडपाठ असते. त्यांना विचारून, २००६ आणि २०२५ च्या पाण्याच्या खुणा भिंतीवर रंगाने रंगवून त्याखाली साल आणि विसर्ग लिहून ठेवला, तर नवीन आलेल्या तलाठ्यालाही एका नजरेत गाव कळेल.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' ॲप केले आहे. ते फोनमध्ये असावेच. फोन नसला तरी वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीसच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. मग झाडाखाली थांबायचे नाही, शेतातले काम टाकून पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. निंदणी-कापणीच्या टोळीतल्या मुकादमाला एवढे आले तरी दहा-पंधरा बाया वाचतील.

दुसरे : निरोप देणे

संकटात अर्धे काम निरोपाचे असते. नेहमीचा निरोप कसा असतो बघा : 'साहेब, लई पाणी आलंय, लवकर या!' एवढे बोलून फोन बंद. साहेबाला ना गाव कळले, ना वस्ती, ना किती माणसे अडकली ते. आता हाच निरोप असा द्या : 'मी अमुक गावाचा पोलीस पाटील बोलतोय. नदीपलीकडच्या वस्तीला पाण्याने वेढा पडलाय. आठ घरं, अंदाजे चाळीस माणसं, त्यात दोन म्हातारी अंथरुणावर. मुख्य रस्त्याचा पूल पाण्याखाली आहे, पण वरच्या गावाकडून गाडी येऊ शकते. बोट पाहिजे. माझा फोन चालू राहील, नाही लागला तर सरपंचांना लावा.' बोलायला एक मिनिटही लागत नाही. कुठे, काय, किती, रस्ता कोणता, हवे काय आणि परत संपर्क कोणाशी, एवढ्या सहा गोष्टी त्यात आल्या पाहिजेत.

नंबरही पाठ हवेत. कोणत्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७, आजारी जनावरांसाठी १९६२. हे चार आकडे ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आणि एक. खात्री नसलेला निरोप पुढे पाठवायचा नाही. 'धरण फुटलं' अशी अफवा मोबाईलवर फिरली की लोक अंधारात पळत सुटतात आणि त्या पळापळीतच माणसे पडतात. अफवा थांबवण्यासाठी गावात एकाच माणसाचा शब्द प्रमाण मानायची सवय हवी. देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा त्यासाठी उत्तम, पण त्याला बॅटरी असली पाहिजे, कारण अशा वेळी वीज पहिली जाते.

तिसरे : हातात प्रथमोपचार

येथे ऐकीव ज्ञानाने जास्त घात होतो. साप चावला की अजूनही दोरीने करकचून बांधतात, ब्लेडने चिरा देतात, कोणी मांत्रिकाकडे नेतात. यातले काहीही करू नये. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, हाड मोडल्यावर बांधतो तशी चावलेल्या हातापायाला फळी लावून तो स्थिर ठेवावा, अंगठी-बांगडी-जोडवी काढावीत आणि सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात थेट न्यावे. लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे याची खात्री जूनमध्येच करावी. घाटी दवाखाना सगळ्यांना माहीत आहे, पण सोयगाव-कन्नडच्या टोकाहून घाटीपर्यंतचे अंतर विष थांबून मोजत नाही.

फवारणीच्या विषबाधेने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. चक्कर, घाम, मळमळ सुरू झाली की फवारणी थांबवावी, अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत घेऊन डॉक्टरकडे जावे. दूध-तेल पाजू नये, घशात बोटे घालून उलटी करवू नये. लेबल सोबत असले की डॉक्टरचा वेळ वाचतो.

वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो, हा गैरसमज आहे. त्याच्या अंगात वीज शिल्लक नसते. श्वास बंद असेल तर लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब द्यावा. मोठ्या माणसाला ५ ते ६ सें.मी. खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि शिकलेला असेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. बुडालेल्या माणसाला उलटे धरून फिरवणे, पोटावर दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. त्याला आधी श्वास द्यावा, मग छातीदाब. वाचून हे येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो. तासाभराच्या सरावात कोणालाही येते.

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलीस ठाण्याच्या चकरा मागे लागतील, ही भीतीही सोडावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. समृद्धीच्या आजूबाजूच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

चौथे : कुठे उतरायचे नाही हे कळणे

धाडसाला आपल्याकडे मान आहे, आणि असावा. पण शिकलेल्या माणसाची खरी ओळख तो कुठे थांबतो यावरून होते. जुन्या, पडीक विहिरीत मोटार काढायला एक जण उतरतो आणि बेशुद्ध होतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच विहिरीत दोन-तीन जीव जातात. विहिरीच्या तळाशी कर्बवायू साठतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. पेटता कंदील सोडून पाहावा. विझला तर कोणीही उतरायचे नाही. पण तो विझला नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर ओढायला दोन गडी असल्याशिवाय पाय टाकू नये. शौचालयाच्या टाकीत आणि गोबरगॅसमध्ये तर कंदीलही नेऊ नये, तिथला वायू पेट घेतो.

तारा तुटून पडल्या तर महावितरणने प्रवाह बंद केल्याचे कळल्याशिवाय जवळ जाऊ नये. पुलावरून पाणी वाहत असेल तर ट्रॅक्टर घालू नये. गुडघाभर वाहते पाणी माणसाला पाडते, दोन फूट पाणी मोटार उचलते. 'आपला रोजचा रस्ता आहे' म्हणून कोणी गाडी घालतो, पण पाण्याखाली रस्ता खचला की राहिला आहे हे वरून कळत नाही.

अंगात दमही हवा. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे वाहन जात नव्हते. पायी चढ चढताना मदतीला निघालेल्या एका अग्निशमन कर्मचाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. या कामात शरीराची तयारी हाही शिक्षणाचाच भाग आहे.

पाचवे : कागद

पाणी ओसरले की दुसरी आपत्ती सुरू होते, ती कागदाची. आमच्या खात्यातल्या माणसाला हे रोज दिसते. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदतीला पात्र धरतात. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा असतो. ई-पीक पाहणीत पीक नोंदलेले नसेल तर शेतकरी आणि कर्मचारी दोघांचीही अडचण होते. ३३ टक्के नुकसान डोळ्यांनी ठरवणे सोपे नाही. खरडून गेलेली जमीन, गाळ साचलेली जमीन आणि नुसते पाणी उभे राहिलेले पीक, तिन्हींची नोंद वेगळी होते. हे नवीन कर्मचाऱ्याला बांधावर उभे राहूनच शिकवले पाहिजे, सभागृहात बसून नव्हे.

माणूस गेला तर घरचे लोक दुःखात असतात, कागदाचे भान राहत नाही. वीज पडून किंवा पुरात मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विहिरीत पडणे, विजेचा धक्का अशा अपघातांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. शवविच्छेदन झाले नाही, पोलिसांत खबर नाही, म्हणून प्रकरण अडते. अशा वेळी घरच्यांना एका बाजूला घेऊन हळू आवाजात 'दादा, अंत्यविधीआधी एवढं करून घ्या' असे सांगणारा माणूस गावात पाहिजे. जनावर दगावले तर पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून पंचनामा करून घ्यावा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवावा.

बायांना वगळून चालणार नाही

किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. घर भूकंपाला टिकेल असे कसे बांधायचे, शासनाचा पैसा कसा मिळतो, गवंड्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे त्या घरोघरी सांगत. मराठवाड्याच्या मातीतला हा अनुभव आहे, बाहेरून आणायची गरज नाही. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाचे औषध रोज चालू आहे, हे आशाताईला आणि अंगणवाडीताईला जितके माहीत असते तितके सरपंचालाही नसते. गावाच्या समितीत त्यांची नावे नुसती कोरमपुरती नकोत. निवारा चालवण्याचे काम त्यांच्या हाती द्यावे.

शिकायचे कुठे?

सुरुवात घरातूनच होऊ शकते. महाराष्ट्र मंडळाच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहे. मुलगी दहावीला असेल तर तो धडा बापानेही एकदा वाचावा. परीक्षेपुरता नाही, पावसाळ्यापुरता.

गावच्या तरुणांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये सुरू झाली. नंतर ती ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवण्यात आली. वय १८ ते ४०, शिक्षण किमान सातवी पास, अंगाने धडधाकट, आणि १२ दिवसांचे प्रशिक्षण, अशी तिची रचना आहे. पुढची तुकडी कधी आणि आपल्या तालुक्यातून किती जागा, हे जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारावे. ग्रामपंचायतीने ठराव करून दोन-चार नावे आधीच द्यावीत. होमगार्ड आणि महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजना हेही चांगले मार्ग आहेत.

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी पुण्याच्या यशदामध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र आहे. ज्यांना यातच नोकरी-धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी वाट मोठी आहे. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही तिथेच आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. नोकरी करता करता शिकायचे असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, बिडकीन येथील कारखान्यांना अग्निशमन आणि सुरक्षेचे शिकलेले लोक लागतात. स्पर्धा परीक्षेच्या एकाच रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आपल्या मुलांनी ही वाटही बघावी. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेकडूनच खात्री करून घ्यावी.

एक सांगितले पाहिजे. प्रमाणपत्र घेतले म्हणजे शिक्षण झाले असे नाही. काही प्रशिक्षणांत सकाळ सत्कारात जाते, दुपार जेवणात, आणि शेवटी बॅनरसमोर फोटो होतो. हजेरीपटावर पन्नास सह्या असतात, दोराची एक गाठ मात्र कोणाला मारता येत नाही. पुन्हा, प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी तीन वर्षांत बदलून जातो आणि एकेकाकडे दोन-तीन सजांचा भार असतो. म्हणून गावातले कायमचे रहिवासी शिकले पाहिजेत. कर्मचारी येतील-जातील, गाव राहणार आहे.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

१ मे च्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्यानंतर पावसाला महिनाभर मिळतो.

१. गावाचा नकाशा हाताने काढावा. पाणी शिरणाऱ्या वस्त्या, उंच जागा, धोक्याच्या विहिरी, विजेचे रोहित्र आणि पर्यायी रस्ता त्यात दाखवावा.

२. वृद्ध, अपंग, गरोदर व एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी आशाताईकडून करून घ्यावी. प्रत्येकाला हलवण्याची जबाबदारी शेजारच्या एकाच्या नावावर लिहावी. ऊसतोड कामगार, सालगडी, शेतातल्या वस्त्यांवरचे लोक यादीतून सुटतात, त्यांना विसरू नये.

३. स्वनिधीतून जाड दोर, दोन-चार जीवरक्षक जाकिटे, बॅटऱ्या आणि प्रथमोपचार पेटी घ्यावी. जाकिटे नसतील तोवर ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूब आणि तोंड घट्ट बंद केलेले रिकामे कॅन तयार ठेवावेत. कुलूप लावून चावी गायब करू नये.

४. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलावून छातीदाबाचा आणि सर्पदंशाचा सराव शाळेच्या पटांगणात घ्यावा. महावितरणच्या तंत्रज्ञालाही बोलवावे.

५. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा खोटा पूर करून बघावा. भोंग्यावर सूचना द्यायची, वस्ती शाळेत आणायची, डोकी मोजायची आणि किती वेळ लागला तो लिहायचा. काय चुकले ते त्याच दिवशी पारावर बसून बोलावे. पहिल्या वेळी हसे होईल, होऊ द्यावे.

६. सरकारी मदत पथक आले तर त्यांच्यासोबत गावचा एक माहीतगार द्यावा. कुठे खड्डा, कुठे ओढा, कुठे जुना बांध, हे त्यांना नकाशावर दिसत नाही.

बियाणे पेरण्याआधी आपण उगवणशक्ती तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे आणि मगच पेरणीचे बियाणे ठरवायचे. सत्तरच्या खाली उगवण असेल तर त्या सोयाबीनवर कोणी भरवसा ठेवत नाही. गावाच्या तयारीचेही तसेच आहे. फाईलमधली यादी म्हणजे पोत्यावरचे लेबल. आतला दाणा उगवतो की नाही, ते सराव घेतल्यावरच कळेल. यंदा मृगाआधी प्रत्येक गावाने ही तपासणी एकदा करून पाहावी, आणि ज्या गावात ती होणार असेल तिथल्या तलाठी-ग्रामसेवकांनी शेजारच्या दोन गावांनाही बघायला बोलवावे.